तारापूरचे विकाजी शेठ : कापसाच्या वाटेवरचे वैभव आणि दिवाळे

बोईसर स्थानकाहून समुद्राच्या दिशेने निघाले की आधी औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांच्या रांगा लागतात. रसायने, पोलाद आणि त्यांच्या जोडीला कापड. त्याही पुढे गेले की चिंचणी-तारापूरच्या खाडीचा वारा अंगावर येतो आणि माडांच्या आडून एका जुन्या किल्ल्याचा तट दिसू लागतो. तारापूर म्हटले की आजच्या माणसाला १९६९ साली सुरू झालेले अणुऊर्जा केंद्र आठवते. थोडी जाण असलेल्याला चिमाजी अप्पांची वसई मोहीम आठवते. १७३९ च्या जानेवारीत मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि त्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. पण याच किल्ल्याचा त्यानंतरचा एक धनी होता, एक पारशी सावकार. त्याचे नाव विकाजी मेहेरजी. एकेकाळी मुंबईपासून हैदराबादेपर्यंतच्या पेढ्यांवर या नावाची हुंडी डोळे झाकून वटत असे.

आज त्यांची आठवण काढण्यास एक निमित्त आहे. २००६ साली भारत सरकारने एकाच नाममुद्रेचा माल विकणाऱ्या परदेशी दुकानदारांना ५१ टक्क्यांपर्यंत भांडवल गुंतवण्यास परवानगी दिली. २०१२ मध्ये ती मर्यादा १०० टक्के झाली. २०१० मध्ये स्पेनची झारा टाटांच्या ट्रेंट कंपनीला हाताशी धरून आली, २०१५ मध्ये स्वीडनची एच अँड एम आली, २०१९ मध्ये जपानची युनिक्लो आली. लोअर परळच्या ज्या फिनिक्स मिलच्या आवारात एके काळी चात्या फिरत, तेथेच परदेशी तयार कपड्यांची झगमगती दालने उभी राहिली. परदेशी कापडाने हिंदुस्थानच्या बाजारात शिरण्याची ही अर्थातच पहिली वेळ नव्हे. पहिल्या वेळी काय घडले, हे समजून घ्यायचे तर विकाजी शेठ आणि त्यांचे बंधू पेस्तनजी यांच्या चरित्राएवढे बोलके उदाहरण दुसरे नाही. शिवाय ते पालघरच्या मातीतले आहे.

किल्ल्याचे धनी

संजाणच्या किनाऱ्यावर उतरलेला पारशी समाज पुढील शतकांत नारगोळ, उंबरगाव, डहाणू, तारापूर अशा बंदरांच्या आश्रयाने पसरला. ताडी-माडीच्या बागा, लाकडाचा व्यापार, गलबतांची मालकी आणि सरकारी मक्ते ही या समाजाची उपजीविकेची साधने होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेले विकाजी मेहेरजी याच परंपरेतले. पेशवाईचा कारभार त्या काळी मक्त्यांवर चाले. एखाद्या परगण्याचा वसूल किंवा एखाद्या नाक्याची जकात सरकार ठरावीक रकमेला मक्तेदाराच्या हवाली करी. पिकले तर मक्तेदाराचे, बुडाले तरी मक्तेदाराचेच. या धंद्याला हिशेबाची तल्लख बुद्धी तर लागेच, पण गावोगावच्या माणसांची पारख आणि वेळप्रसंगी पदरचे पैसे घालण्याची ताकदही लागे. विकाजींकडे हे सारे होते.

१८०३ साली तारापूरचा किल्ला पेशव्यांकडून शंभर वर्षांच्या मुदतीने त्यांच्याकडे इनाम आला. ज्या तटावरून कधी तोफा डागल्या गेल्या, तो तट आता एका व्यापाऱ्याच्या वाडीचे कुंपण बनला. बदलत्या काळाची ही खूणच म्हटली पाहिजे. तलवारीचे राज्य मावळत होते आणि वहीखात्याचे उगवत होते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली, पण मक्त्यांची पद्धत लगेच संपली नाही. कंपनी सरकारने उत्तर कोकणातील जकातीचे मक्ते देण्याचे चालूच ठेवले आणि विकाजी त्यांतील प्रमुख मक्तेदार झाले. राज्यकर्ते बदलले तरी नाक्यावरची पेटी त्यांच्याकडेच राहिली. हाती आलेल्या पैशाचा एक वाटा त्यांनी आपल्या गावाला दिला. १८२० च्या सुमारास तारापूरच्या पारशी मोहल्ल्यात त्यांनी अग्यारी बांधून दिली. समाजात त्यांच्या नावापुढे शेठ ही पदवी आपोआप लागली.

पाचशे बैलांचा तांडा

याच सुमारास जगाच्या व्यापारात एक मोठी उलथापालथ चालली होती. इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात वाफेवर चालणारे माग उभे राहत होते. १८१३ च्या सनदी कायद्याने हिंदुस्थानच्या व्यापारावरील ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी संपली आणि मँचेस्टरच्या कारखानदारांना येथील बाजार खुला झाला. त्यानंतरचे आकडे पुरेसे बोलके आहेत. १८१४ साली विलायतेतून हिंदुस्थानात आलेले सुती कापड सुमारे आठ लाख यार्ड होते. १८३५ मध्ये ते पाच कोटी सतरा लाख यार्डांवर गेले. याच काळात हिंदुस्थानातून विलायतेला जाणाऱ्या कापडाचे नग साडेबारा लाखांवरून तीन लाखांवर घसरले.

ही केवळ यंत्राची करामत नव्हती. १८२४ साली हिंदी कॅलिको कापडावर इंग्लंडमध्ये साडेसदुसष्ट टक्के जकात होती. विलायती कापड मात्र येथे अडीच-साडेतीन टक्के भरून शिरत असे. देशी कापडाला आपल्याच मुलखात एका नाक्यावरून दुसऱ्या नाक्यावर जाताना जकात मोजावी लागे, ती वेगळीच. विकाजी शेठ हे याच नाक्यांचे मक्तेदार होते, ही गोष्ट त्यांच्या चरित्रातून वगळता येत नाही. ज्या यंत्रणेने विणकराची कोंडी केली, तिचे एक चाक त्यांच्या हातात होते. मुंबई इलाख्यातील हे अंतर्गत नाके १८३८ च्या कायद्याने उठले. तोवर त्यांची नजर नाक्यांच्या पलीकडे पोहोचली होती.

मँचेस्टरच्या मागांना कापूस हवा होता आणि उत्तम कापूस पिकत होता तो निजामाच्या वऱ्हाडात. पण हा कापूस मुंबईला येतच नसे. लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून तो सुमारे पाचशे मैलांची वाट तुडवीत गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तेथून नावांतून कलकत्त्याकडे. वाटेत पाऊस, चिखल, धूळ आणि दर राज्याच्या सीमेवरची जकात. बैल थकला की ओझे जमिनीवर टाकले जाई आणि कापसात मातीची भर पडे. मुंबईचे बंदर तुलनेने जवळ होते, पण मध्ये सह्याद्रीचे घाट होते आणि या वाटेने माल नेण्याची जोखीम घेणारा कोणी नव्हता.

विकाजी आणि पेस्तनजी यांच्या पेढीने ती जोखीम घेतली. १८२५-२६ साली या पेढीने वऱ्हाडातून मुंबईला कापूस पाठवला. पाचशे बैलांची ओझी, एक लाख वीस हजार पौंड वजन आणि सुमारे पंचवीस हजार रुपये किंमत. आजच्या हिशेबात हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण वऱ्हाडचा कापूस पश्चिमेकडे वळला, तो या तांड्यापासून. पुढील दहा वर्षांत पेढीने वऱ्हाडातील पेठांमध्ये वखारी घातल्या, कापूस दाबून गासड्या बांधण्याची सोय केली आणि शेतकऱ्याला पिकाआधी उचल देण्यास सुरुवात केली. खामगाव हे नाव पुढे साऱ्या जगाच्या कापूस बाजारात दुमदुमले. त्याचा पाया रेल्वे येण्याच्या कितीतरी आधी या वाटेवर घातला गेला होता.

याची दुसरी बाजूही विसरता येणार नाही. हा कापूस मुंबईहून चीनला जाई, लिव्हरपूलला जाई, तेथून मँचेस्टरच्या मागांवर चढे आणि स्वस्त कापड होऊन त्याच मुंबईच्या बंदरात परत उतरे. ज्या बैलांच्या पाठीवरून कापूस घाट उतरला, त्यांच्याच पाठीवरून विलायती कापड घाट चढू लागले. शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळाले, व्यापाऱ्याला नफा मिळाला, आणि कोष्टी, साळी, मोमीन यांच्या घरातील माग हळूहळू थंडावले. विकाजी-पेस्तनजींनी हे ठरवून केले असे म्हणणे अन्यायाचे होईल. बाजाराची हाक ऐकली आणि तिच्यामागे ते गेले. पण इतिहासाचा हिशेब हेतूंवर मांडला जात नाही.

निजामाचे सावकार

कापसाच्या पाठोपाठ पेढी हैदराबादेत पोहोचली. धाकटे बंधू पेस्तनजी यांनी तेथील कारभार सांभाळला. निजामाच्या राज्याची सूत्रे तेव्हा राजा चंदुलाल यांच्या हाती होती. आधी पेशकार आणि १८३२ पासून दिवाण. चंदुलाल यांच्यापुढे एकच प्रश्न वर्षानुवर्षे उभा असे, तो म्हणजे पैशाचा. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालील हैदराबाद कंटिंजंट या फौजेचा वर्षाचा खर्च सुमारे चाळीस लाखांच्या घरात होता आणि तो निजामाने सोसायचा होता. फौज इंग्रजांची, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निजामाचा. वसूल अपुरा पडे आणि चंदुलाल सावकारांचे दार ठोठावीत.

त्यांचा पहिला मोठा सावकार विल्यम पामर आणि कंपनी ही पेढी होती. १७९७ च्या पार्लमेंटच्या कायद्यानुसार गव्हर्नर जनरलच्या परवानगीशिवाय ब्रिटिश प्रजाजनांनी देशी राजांना कर्ज देण्यास मनाई होती. लॉर्ड हेस्टिंग्जने पामरला परवानगी दिली. पुढे रेसिडेंट मेटकाफने त्या व्यवहारातील जबर व्याजाचे बिंग बाहेर काढले, परवानगी गेली आणि पेढी बुडाली. ही रिकामी झालेली जागा ज्यांनी भरली, त्यांत पेस्तनजी मेहेरजी हे नाव ठळक होते.

या पेढीने निजाम सरकारला मोठ्या रकमा पुरवल्या. बदल्यात तिला वऱ्हाड आणि औरंगाबादकडील मुलखाचा वसूल लावून देण्यात आला. म्हणजे मूळचा जकातीचा मक्तेदार आता परगण्यांचा कारभारी झाला. पेढीचे गुमास्ते महसूल गोळा करू लागले. पेस्तनजींचा लौकिक एवढा वाढला की १८३० च्या दशकात औरंगाबादच्या टाकसाळीचा कारभार त्यांच्याकडे आला. तेथून निघालेला रुपया बाजारात पेस्तनशाही या नावाने ओळखला जाऊ लागला. तारापूरच्या एका कुटुंबाचे नाव नाण्याला मिळावे, ही त्या काळीही अचंबा वाटण्याजोगी गोष्ट होती. नाण्यांचा संग्रह करणारे लोक आजही पेस्तनशाही रुपयाचा शोध घेत असतात.

वैभवाचा हा मध्यान्ह होता. पण ज्या पायावर तो उभा होता, तो एका माणसाच्या शब्दाचा होता. कर्ज निजाम सरकारने घेतले होते खरे, पण ते फेडण्याची हमी म्हणजे चंदुलाल यांची खुर्ची.

दिवाळे

१८४३ साली चंदुलाल यांनी दिवाणगिरी सोडली. नव्या कारभाऱ्यांना तिजोरी रिकामी आणि उत्पन्नाचे उत्तम परगणे सावकारांकडे अडकलेले दिसले. निजाम नासिर-उद-दौला यांच्या सरकारने पेढीकडे लावून दिलेला मुलूख परत घेण्याचे ठरवले आणि १८४५ च्या सुमारास तो घेतलाही. कर्ज मात्र फिटले नाही. पेढीच्या म्हणण्याप्रमाणे लाखो रुपये येणे होते. निजाम सरकारने हिशेबावरच वाद घातला. ज्या वसुलावर पेढीच्या स्वतःच्या देण्यांचा डोलारा उभा होता, तो आधारच निघाला.

विकाजी-पेस्तनजींनी कंपनी सरकारकडे दाद मागितली. आपण कंपनीचे प्रजाजन आहोत, आपल्या पैशातून कंटिंजंट फौजेचे पगार भागले आहेत, म्हणजे एका अर्थी कंपनीचीच निकड आपण भागवली आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो पोकळ नव्हता. त्यांच्या अर्जांनी मुंबई, कलकत्ता आणि लंडन अशा फेऱ्या मारल्या. पण उत्तर एकच राहिले. हा खासगी व्यवहार आहे, पेढीने तो स्वतःच्या जबाबदारीवर केला आहे, आणि कंपनी त्यात मध्यस्थी करणार नाही.

१८४७ साली सिकंदराबादेत या दोन्ही बंधूंच्या नावाने अग्यारी प्रतिष्ठित झाली. ती आजही तेथे आहे. अग्यारीत पवित्र अग्नी प्रज्वलित होत होता, त्याच सुमारास पेढीच्या दारात घेणेकऱ्यांची गर्दी जमू लागली होती. दशकाच्या अखेरीस पेढीचे दिवाळे निघाले. मुंबईपासून हैदराबादेपर्यंत ज्यांच्या सहीला मान होता, त्यांच्या सहीची किंमत उरली नाही.

यानंतर जे घडले, ते या चरित्राचे सर्वांत बोलके पान आहे. कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी खुद्द कंपनीचेही निजामाकडे येणे होते, अर्ध्या कोटीच्या घरातले. ती बाकी वसूल करण्यासाठी लॉर्ड डलहौसीने मे १८५३ मध्ये निजामाशी तह केला आणि वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात घेतले. ऋणको एकच, कारण एकच आणि मुलूखही बऱ्याच अंशी तोच. एका धनकोने अर्ज केले आणि तो भिकेला लागला. दुसऱ्याने फौजेच्या बळावर तह केला आणि त्याला प्रांत मिळाला. व्यापारात कर्तृत्व, साहस आणि पत यांचे मोल कितीही असले, तरी राजसत्तेचा हात ज्याच्या पाठीवर आहे त्याचाच हिशेब शेवटी पुरा होतो, हा धडा दोन्ही बंधूंना आपल्या हयातीच्या अखेरीस पाहावा लागला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दोघेही काळाच्या पडद्याआड गेले.

वाट उरली, वाटसरू गेले

त्यांनी घालून दिलेली वाट मात्र पुसली गेली नाही. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि पुढील पंधरा वर्षांत लोहमार्ग घाट चढून वऱ्हाड-नागपुरात पोहोचला. १८७० साली खामगावला स्वतंत्र फाटा मिळाला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या चार वर्षांत, वऱ्हाडच्या कापसाने मुंबईत सोन्याचा धूर निघाला. ज्या व्यापाराने हे घडवले, त्याचा पहिला तांडा तारापूरच्या शेठांनी हाकला होता, हे फारसे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

विलायती कापडाच्या पुराला उत्तर देण्याचे दोन मार्ग पुढील पिढ्यांनी शोधले. एक कारखान्याचा. १८५४ मध्ये त्यांच्याच समाजातील कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या सुती गिरणीची उभारणी केली. कापूस परदेशी पाठवण्याऐवजी येथेच सूत कातण्याचा हा विचार होता. दुसरा मार्ग बहिष्काराचा. १८४९ च्या आसपास लोकहितवादींनी शतपत्रांतून देशी वस्तू वापरण्याचा आग्रह धरला, सार्वजनिक काकांनी खादीचे व्रत घेतले, १९०५ मध्ये पुण्यात विदेशी कपड्यांची होळी पेटली आणि १२ डिसेंबर १९३० रोजी बाबू गेनू हा गिरणी कामगार परदेशी कापडाच्या ट्रकपुढे काळबादेवीच्या रस्त्यावर आडवा झाला व प्राणाला मुकला. पेढीपासून रस्त्यापर्यंतचा हा प्रवास शंभर वर्षांचा आहे.

आणि पालघरचा किनारा? १८६४ मध्ये मुंबई-सुरत लोहमार्ग पालघर-बोईसरवरून गेला आणि गलबतांच्या तारापूर बंदराचे महत्त्व ओसरले. पुढे शतकभराने तेथे औद्योगिक वसाहत आली आणि तिच्याबरोबर कापडाचे कारखाने आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये जवळच्या वाढवण बंदराची पायाभरणी झाली. या बंदराला किनाऱ्यावरील मच्छीमारांचा विरोध आहे आणि जगाच्या व्यापाराची नजर पुन्हा या किनाऱ्याकडे वळली आहे.

आजच्या परदेशी दुकानदारांमागे कोणाची फौज नाही आणि त्यांना परवानगी देणारे सरकार आपले आहे, हा १८२५ आणि आजच्या काळातील मोठा फरक होय. २०१२ मध्ये संपूर्ण परदेशी मालकीला मुभा देताना सरकारने ३० टक्के माल येथूनच घेण्याची अट घातली होती. तिचे नियम पुढे सैल करण्यात आले. अट कडक असावी की सैल, यावर मतभेद असू शकतात. पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न दोनशे वर्षे जुना आहे. कच्चा माल देणारा, माग चालवणारा आणि दुकान मांडणारा, या तिघांत नफ्याची वाटणी कोण ठरवणार?

तारापूरच्या किल्ल्याच्या तटाआत आज वाडी आहे, विहिरी आहेत आणि माडांची सावली आहे. मक्त्यांचे कागद, गासड्यांचे हिशेब, निजामाला दिलेल्या रकमांच्या वह्या यांपैकी तेथे काही दिसत नाही. उरली आहेत ती विकाजी शेठांच्या नावाची देवस्थाने आणि संग्राहकांच्या पेटीतला एखादा झिजलेला पेस्तनशाही रुपया. ज्या नाण्यावर एका पेढीची पत उभी होती, ते नाणे टिकले आणि ती पत मात्र गेली.